पेटांक या धातूचे गोळे लक्ष्याजवळ टाकण्याच्या फ्रेंच खेळात दोन्ही संघांचे सर्वात जवळचे गोळे कोशोनेपासून, म्हणजे लक्ष्याच्या छोट्या, सहसा लाकडी गोळीपासून, अगदी सारख्या अंतरावर आले तर गुण कोणाला?

सगळे गोळे टाकून झाले असतील तर कोणालाच नाही. ती फेरी बाद होते आणि आधीच्या फेरीत ज्याने गुण मिळवला होता तोच संघ कोशोने पुन्हा टाकतो. कारण साधं आहे: समोरच्याच्या सर्वात जवळच्या गोळ्यापेक्षाही आत असलेल्या गोळ्यांनाच गुण असतो. दोन्ही संघांचे गोळे कोशोनेला टेकलेले असले तरी ती बरोबरीच.

गोळे शिल्लक असतील तर मात्र आंतरराष्ट्रीय महासंघाची नियमावली असं सांगते:

- एकाच संघाकडे उरलेत: तो ते टाकतो आणि शेवटी जितके आत असतील तितके गुण घेतो.
- दोघांकडे उरलेत: शेवटचा गोळा ज्याने टाकला त्याने परत टाकायचा, मग समोरच्याने, असं आळीपाळीने, कोंडी फुटेपर्यंत.

फक्त आधी नीट मोजा. नुसत्या नजरेने 'सारखं' वाटलेलं अंतर टेप लावल्यावर बहुतेक वेळा दोन-चार मिलिमीटरने वेगळं निघतं. पावलांनी मोजायला नियमात मनाई आहे. मोजण्याचं काम शेवटचा गोळा टाकणाऱ्या संघाचं. त्यानंतर समोरच्यांनाही मोजता येतं. हात मात्र जपून, कारण मोजताना कोशोने किंवा वादातला गोळा हलला तर मोजणाऱ्याच्या संघाचा तो गुण जातो.