जास्त राखेचा कोळसा जाळला तर कार्बन डायऑक्साइड कमी निघतो का?

टनामागे कमी निघतो, पण विजेच्या युनिटमागे नाही.

हिशेब कार्बनवरून करा. १२ किलो कार्बन पूर्ण जळला की ४४ किलो कार्बन डायऑक्साइड होतो, म्हणजे ३.६७ पट. समजा, एका जास्त राखेच्या कोळशात ४०% कार्बन आहे आणि उष्मांक (जळल्यावर मिळणारी उष्णता) किलोला ३,७०० किलोकॅलरी. त्याच्या टनातून साधारण १,४६७ किलो वायू निघेल. कमी राखेच्या दुसऱ्यात ६०% कार्बन आणि उष्मांक ५,५०० असेल, तर २,२०० किलो. आता उष्णतेने भागा: हजार किलोकॅलरीमागे पहिल्याचे ३९६ ग्रॅम, दुसऱ्याचे ४००. जवळपास सारखेच! राख जळत नाही, त्यामुळे ती वायूही देत नाही आणि उष्णताही.

खरा फरक पाडतो तो ओलावा. प्रत्येक किलो पाण्याची वाफ करायला सुमारे २.४ मेगाज्यूल उष्णता लागते आणि ती चिमणीतून निघून जाते. म्हणूनच लिग्नाइट (ओलसर तपकिरी कोळसा) वाईट: आयपीसीसीच्या (हवामानबदलावरील संयुक्त राष्ट्रांच्या समितीच्या) कोष्टकात निव्वळ उष्मांकाच्या (वाफेत गेलेली उष्णता वजा करून) दर गिगाज्यूलमागे त्याचा कार्बन डायऑक्साइड १०१ किलो, तर बिट्युमिनसचा (नेहमीच्या दगडी कोळशाचा) ९४.६. अँथ्रासाइटचा (सर्वात जास्त कार्बनच्या कठीण कोळशाचा) मात्र ९८.३, कारण त्यात हायड्रोजन कमी. हायड्रोजन जळून उष्णता मिळते आणि निघते ते नुसते पाणी.

राखेचा तोटा आडून होतो. दळायला, वाहायला जास्त वीज आणि राखेत अडकलेला न जळलेला कार्बन.

हिशेबातली नेहमीची चूक: कार्बनचे प्रमाण ‘हवेत वाळवलेल्या’ नमुन्याचे घेतात आणि वजन ओल्या कोळशाचे. पावसाळ्यात तर कार्बन डायऑक्साइडचा आकडा हमखास फुगतो.