अनुवांशिक नव्हे, आनुवंशिक! आणि बायोमार्करला मराठीत काय म्हणायचं

एका ताईंनी विचारलंय. त्यांच्या भाचीचं बाळ सत्ताविसाव्या आठवड्यात झालं, एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) आहे, आणि घरातल्या कोणीतरी "अकाली बाळांच्या फुप्फुसविकाराचे अनुवांशिक बायोमार्कर" अशा मथळ्याचा लेख पाठवला. तर हा आजार घराण्यातून येतो का, आणि बायोमार्करला, म्हणजे आजाराची चाहूल देणाऱ्या शरीरातल्या मोजता येणाऱ्या खुणेला, मराठी शब्द काय?

आधी ते अनुवांशिक. असा शब्दच नाही हो. अनुवंशला इक लागला की वृद्धी पहिल्या स्वराची होते, अनुषंगाचं आनुषंगिक, अध्यात्माचं आध्यात्मिक, तसंच अनुवंशाचं आनुवंशिक. पण टीव्हीवर, पेपरात, दवाखान्याच्या पाटीवर, जिथे बघावं तिथे अनुवांशिक, आणि वर "अनु अधिक वांशिक" अशी फोड करून समर्थन करणारेही भेटतात. वांशिक म्हणजे वांशिक दंगलीतलं वांशिक, त्याचा बाळाच्या फुप्फुसाशी काय संबंध? "अकाली"सुद्धा मला खटकतं. अकाली मृत्यू होतो, बाळ अपुऱ्या दिवसांचं असतं. आपल्या आज्या हेच म्हणायच्या आणि त्यात निम्मं निदान येऊन जातं, दिवस अपुरे म्हणून फुप्फुसं अपुरी.

खरी गडबड अशी की जनुकीय, आनुवंशिक आणि जन्मजात हे तिन्ही शब्द लोक एकाच अर्थाने वापरतात आणि मग घरच्यांच्या जिवाला घोर लागतो. जन्मजात म्हणजे जन्मताना असलेलं. अपुऱ्या दिवसांच्या बाळांचा हा फुप्फुसविकार, डॉक्टर ज्याला बीपीडी म्हणतात, ब्रॉन्कोपल्मोनरी डिस्प्लेझिया, तो जन्मजात नाहीच. स्टॅनफर्डच्या विल्यम नॉर्थवे आणि सहकाऱ्यांनी १९६७ साली तो पहिल्यांदा नोंदवला तो व्हेंटिलेटरवर आणि भरपूर ऑक्सिजनवर राहिलेल्या बाळांमध्ये, म्हणजे तो जन्मानंतर घडतो. आजही पोटातले दिवस धरून ३६ आठवडे भरले तरी बाळाला ऑक्सिजन किंवा श्वासाला मदत लागत असेल तर हे नाव देतात. आनुवंशिक म्हणजे आईबापांकडून आलेलं. आणि जनुकीय म्हणजे जनुकांशी संबंधित, एवढंच. श्वासनलिकेतल्या स्रावात कुठले मायक्रोआरएनए (जनुकांच्या कामावर ताबा ठेवणारे बारीक रेणू) वाढले, कुठले घटले हे बघणं जनुकीय आहे, पण तो बदल वारशाने आलेलाच असेल असं नाही, ऑक्सिजनच्या माऱ्याने आणि जंतुसंसर्गानेही तो होतो.

घराण्याचा वाटा मात्र शून्य नाही. २००६ साली विनीत भंडारी आणि सहकाऱ्यांनी एकसारखी जुळी आणि साधी जुळी यांची तुलना करून बीपीडीच्या शक्यतेतला जवळपास निम्मा फरक, ५३ टक्के, जनुकांकडे जातो असं मांडलं. मग नेमकं जनुक शोधायला सगळे धावले. २०११ मध्ये फ्रान्समधल्या गटाने स्पॉक-टू या जनुकाकडे बोट दाखवलं, २०१३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या १,७०० हून जास्त बाळांचा अख्खा जीनोम, म्हणजे सगळा जनुकसंच, धुंडाळला तर खात्रीने सांगावं असं एकही ठिकाण हाती लागलं नाही. वाटा आहे, पण तो बहुतेक असंख्य बारीक खुणांमध्ये विखुरलेला.

खुणा. इथेच तुमचा दुसरा प्रश्न येतो. बायोमार्करला "जैवसूचक" म्हणतात ते मला मान्य नाही. जैवसूचक म्हणजे दगडफूल, जे हवा खराब झाली की झाडावरून नाहीसं होतं, अख्खा सजीवच तिथे सूचना देतो. त्या अर्थाला शब्द लागलेला असताना तोच उचलून रक्तातल्या रेणूला चिकटवायचा हा आळस आहे. "जैवचिन्हक" बरा, पण चिन्हला क लावून काय मिळवलं? आणि "लक्षण" तर चालणारच नाही, लक्षण आजार झाल्यावर दिसतं, ही खूण आधीच दिसावी म्हणून तर सगळी खटपट.

संस्कृतात खुणेला लक्ष्म म्हणतात. लक्ष् धातू, त्याच्यावरूनच लक्ष, लक्षण, अंगावर शुभ खुणा असलेला तो लक्ष्मण, आणि लक्ष्मी! लक्ष्मीचा जुना अर्थ पैसा नाही, खूण. ऋग्वेदात हा शब्द एकदाच येतो, दहाव्या मंडलात, शहाण्यांच्या वाणीवर भद्र लक्ष्मी ठेवलेली असते असं म्हटलंय, तिथे धन घालून वाचा, ओळ लंगडते. अथर्ववेदाच्या सातव्या कांडात तर चक्क "पापी लक्ष्मी" आहे, तिला इथून उडून जा म्हणून बजावलंय. आणि त्याच सूक्तात पुढे म्हटलंय की माणसाच्या देहाबरोबर जन्मापासूनच एकशे एक लक्ष्मी येतात, त्यातल्या सगळ्यात वाईट त्या आम्ही घालवतो, चांगल्या त्या आम्हाला दे. देहाबरोबर आलेल्या खुणा, बऱ्या आणि वाईट, एक नाही एकशे एक! आणि तिथे जन्मापासून यासाठी शब्द आहे जनुषः, जनुस् म्हणजे जन्म. आपला जनुक त्याच जन् धातूचा, डॅनिश वनस्पतिशास्त्रज्ञ योहानसेनने १९०९ साली रूढ केलेला जीन (इंग्रजीतलं जनुक) सुद्धा ग्रीक वाटेने त्याच कुळातला, आणि माझा तर्क असा की जनुक हा शब्द ज्याने घडवला त्याच्या कानात हे जनुस् घुमत असणार. वेदात जेनेटिक्स होतं असलं काही मी म्हणत नाहीये, मी शब्दाबद्दल बोलतोय.

यास्कांनी निरुक्तात, म्हणजे वैदिक शब्दांची फोड करणाऱ्या त्यांच्या प्राचीन ग्रंथात, लक्ष्मीच्या अर्धा डझन व्युत्पत्त्या दिल्यात, लाभापासून सुरुवात आणि शेवट लज्जेवर, मध्ये लक्षण आणि लांछन. यास्कांबद्दल पूर्ण आदर ठेवून सांगतो, लाभ आणि लज्जा दोन्ही सोडा, लक्षण धरा, पुढचं सगळं आपोआप उलगडतं. आणि "लाख देते ती लक्ष्मी" शिकवणाऱ्यांनी वर्गात जरा जपून बोलावं. लांछन शब्दही मुळात खूणच, जैन तीर्थंकरांत ऋषभनाथांचं लांछन बैल, महावीरांचं सिंह, मराठीने मात्र त्याचा कलंक करून टाकला, आणि तेच आता "जनुकीय दोष" लिहिणारे करतायत, डीएनएत एका अक्षराचा फरक दिसला की दोष, मग ती आई बाळाच्या काचेच्या पेटीपाशी बसून स्वतःला बोल लावत राहते.

म्हणून जनुकीय लक्ष्म म्हणा, अनेकवचनी लक्ष्मं. आणि ताई, भाचीला सांगा की अशी कुठलीही खूण बघून आज कोणी बीपीडी ठरवत नाही, डॉक्टर बाळाचे आठवडे, वजन आणि श्वासाला किती मदत लागतेय हेच बघतात. लक्ष्म बोजड आहे, बोलता येत नाही, अशी तक्रार येणार हे माहीत आहे, पण लक्ष्मण म्हणताना आजवर कोणाची जीभ अडखळली नाही.