पहाटे प्रार्थना, संध्याकाळी संताप

प्रश्न: ताई, जय ख्रिस्त. माझं वय ४३. नागपुरात सदरला राहते, एका शाळेच्या ऑफिसात नोकरी करते. स्वभाव पहिल्यापासून तापट. तो बदलावा, आत्मिक वाढ व्हावी म्हणून दोन वर्षांपासून रोज पहाटे चारला उठून प्रार्थना करते. झोपायला साडेअकरा होतातच. शुक्रवारी उपास असतो. मागच्या शुक्रवारी घरी आले तर मुलाचा डबा जसाच्या तसा. मी तो सिंकमध्ये आदळला. मुलगा म्हणाला, "तू प्रार्थना करून आली का अजूनच चिडते." त्याआधी एकदा भगिनी मंडळाच्या उपास-प्रार्थनेहून आले आणि सासूबाईंना नको ते बोलले. सभेत बाकीच्या साक्ष देतात की प्रभूने एका रात्रीत राग काढून टाकला. माझा विश्वासच खोटा आहे का?

उत्तर: जय ख्रिस्त. विश्वासाचं नंतर बघू, आधी घड्याळ बघू या. साडेअकरा ते चार म्हणजे साडेचार तास झोप. त्यावर नोकरी, घर, आणि शुक्रवारी पोटात काही नाही. तुम्ही सांगितलेले दोन्ही प्रसंग उपासाच्या दिवसाचे आहेत, हे तुमच्या लक्षात आलं का? मुलाच्या आलंय. तो उद्धटपणे बोलला असेल, पण त्याने पाहिलं ते बरोबर पाहिलं.

बायबलमधली एलिया संदेष्ट्याची गोष्ट तुम्हाला पाठ असेल. ईजबेल राणीच्या भीतीने तो रानात पळाला, झुडपाखाली बसून 'आता मरण दे' म्हणाला. देवाने त्याला लगेच उपदेश केला नाही. झोपू दिलं. देवदूताने उठवून भाजलेली भाकर आणि पाणी दिलं, तो पुन्हा झोपला, पुन्हा उठवून खाऊ घातलं. होरेब डोंगर आणि तिथली देवाची ती मंद वाणी त्यानंतरची. तेव्हा चारचा गजर साडेपाचवर न्या आणि तूर्त उपास सोडा. यात देवाचं काही कमी होत नाही. अडचण वाटत असेल तर चर्चच्या पाळकांना विचारा, ते रागावणार नाहीत. एकदा डॉक्टरांकडून थायरॉइडही तपासून घ्या. आणि शुक्रवारची खिचडी घरच्या साहेबांनी टाकायला काहीच हरकत नाही. तुमच्या अख्ख्या पत्रात त्यांचं नाव नाही, म्हणून सुचवते.

आता साक्षीचं. पाच मिनिटांत साक्ष देताना माणूस शेवट सांगतो, मधली वर्षं गाळतो. ज्यांची भजनं आपण उपासनेत गातो ते नारायण वामन टिळक काही काळ आपल्या नागपुरातच होते. आगगाडीत भेटलेल्या एका परक्या माणसाने त्यांना बायबलचा नवा करार दिला. त्यानंतर वाचन, शंका, पत्रव्यवहार यांत बराच काळ गेला आणि १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला, ख्रिस्ती झाले. राग मात्र पाण्यात वाहून गेला नाही. ते किती तापट होते हे त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी काही न झाकता लिहून ठेवलंय. म्हणून त्यांची भजनं कोणी खोटी म्हणत नाही.

तरी एक गोष्ट तुम्हाला आवडणार नाही ती सांगते. 'प्रभू, माझा राग काढ' ही प्रार्थना फार सोयीची आहे. त्यात डबा नाही, सासूबाई नाहीत, आपण उच्चारलेला शब्द नाही. सगळं देवावर सोपवून आपण मोकळ्या. त्यापेक्षा सासूबाईंना बोललात ते वाक्य देवापुढे जसंच्या तसं बोला. तोंडातून निघायला जड जाईल, पण खरी प्रार्थना तिथे सुरू होते.

याला एक जुनी रीत आहे, १६व्या शतकातल्या लोयोलाच्या संत इग्नेशियसची. कॅथलिकांची म्हणून नाक मुरडू नका, उपयोगी आहे. एकावेळी एकच दोष धरायचा. सकाळी उठताच ठरवायचं, आज एवढ्यावर लक्ष. दिवसात चूक झाली की छातीवर हात ठेवायचा. चारचौघांतही कोणाला कळत नाही. दुपारी आणि रात्री जेवणानंतर दिवस आठवून कागदावर तेवढी टिंबं मारायची आणि कालच्याशी ताडून बघायची. 'राग' एवढा मोठा विषय घेऊ नका. 'घरात शिरल्यावर पहिली दहा मिनिटं आवाज चढवायचा नाही' एवढंच घ्या. चप्पल काढली, पर्स ठेवली, पाणी प्यायलं, मग डब्याची चौकशी.

आणि माफी बाकी आहे. येशूने सांगितलंय, वेदीपाशी दान आणलं असताना भावाचं मन दुखावल्याचं आठवलं, तर दान तिथेच ठेव आणि आधी जाऊन समेट कर. म्हणजे साडेपाचच्या प्रार्थनेआधी मुलगा आणि सासूबाई. मुलाला एवढंच सांगा: "डबा आदळला ते माझं चुकलं." पुढे 'पण तू जेवला का नाहीस' जोडू नका, 'पण' आला की माफी गेली. ते दुसऱ्या दिवशी विचारा. भाजी आवडली नसेल, नाहीतर शाळेत काही झालं असेल. सासूबाईंकडे शब्द फुटत नसतील तर त्यांच्याजवळ चहा घेऊन बसा, पण शेवटी बोला. त्या 'जाऊ दे' म्हणाल्या तरी आपलं वाक्य पूर्ण करा. आणि हे सभेत साक्ष म्हणून सांगायची घाई नको.

दोन-तीन महिन्यांनी टिंबांचा कागद बघून मला लिहा. टिंबं वाढलेली दिसली तरी लिहा. सुरुवातीला बहुतेक वाढतातच, कारण आधी आपण मोजतच नव्हतो.