संगणकाचा आयपी पत्ता बदलूनही बाहेर जुनाच पत्ता का दिसतो?

तुमच्या प्रश्नात तीन गोष्टी एकत्र आल्या आहेत. एका संकेतस्थळाने तुमचा प्रवेश रोखला, म्हणून तुम्ही विंडोजच्या सेटिंग्जमध्ये जाऊन संगणकाचा १९२.१६८.१.७ हा आयपी पत्ता बदलून १९२.१६८.१.५० केला. तरीही 'माझा आयपी पत्ता' दाखवणाऱ्या संकेतस्थळांवर पूर्वीचाच पत्ता दिसतो, आणि तेव्हापासून इंटरनेट अधूनमधून तुटू लागले आहे. तुम्ही केलेला बदल झालेला आहे, परंतु तो घराच्या आतल्या पत्त्यात झाला आहे. त्या संकेतस्थळाला तो पत्ता कधी दिसलाच नव्हता, त्यामुळे बदललेलाही दिसणार नाही.

घरातल्या संगणकाला राउटर जो पत्ता देतो तो फक्त घरापुरता असतो. १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते, १० ने सुरू होणारे पत्ते आणि १७२.१६ ते १७२.३१ या टप्प्यातले पत्ते १९९६ च्या एका मानकानुसार खासगी वापरासाठी राखून ठेवलेले आहेत. त्यामुळे तुमचा १९२.१६८.१.७ हा पत्ता याच क्षणी जगात असंख्य घरांमध्ये वापरात असेल आणि त्याने कोणाचेही काही अडत नाही. बाहेरच्या इंटरनेटवर ओळखला जातो तो सार्वजनिक पत्ता, जो सेवा देणारी कंपनी तुमच्या राउटरला देते. संगणकाने एखादे पान मागवले की राउटर त्या मागणीवरचा आतला पत्ता काढून तेथे स्वतःचा सार्वजनिक पत्ता आणि एक पोर्ट क्रमांक (कोणती मागणी कोणाची हे ओळखण्यासाठीचा आकडा) घालतो, त्याची नोंद आपल्या तक्त्यात ठेवतो आणि उत्तर आले की त्या नोंदीवरून ते योग्य उपकरणाकडे वळवतो. या क्रियेला नॅट म्हणतात. घरातले सर्व फोन, संगणक आणि टीव्ही बाहेरून एकाच पत्त्याचे दिसतात ते यामुळेच.

इंटरनेट तुटण्याचे कारण बहुधा तुमच्या बदलातच आहे, म्हणून आधी ते दुरुस्त करा. राउटर आपल्याकडच्या पत्त्यांपैकी एक ठरावीक टप्पा, उदाहरणार्थ १९२.१६८.१.२ ते १९२.१६८.१.२५४, आपणहून वाटण्यासाठी ठेवतो. या व्यवस्थेला डीएचसीपी म्हणतात. तुम्ही ५० हा क्रमांक हाताने घेतला, पण राउटरच्या वहीत तो अजून मोकळाच आहे. काही राउटर पत्ता देण्यापूर्वी तो वापरात आहे का हे तपासतात, तरी त्या वेळी तुमचा संगणक बंद असेल तर त्यांना काहीच कळत नाही आणि तोच पत्ता एखाद्या फोनला मिळतो. मग दोन उपकरणे एकाच पत्त्यावर दावा सांगू लागतात आणि जोडणी कधी चालते, कधी तुटते. हाताने पत्ता भरताना सबनेट मास्क (घरच्या जाळ्याची व्याप्ती), गेटवे (राउटरचा आतला पत्ता) आणि डीएनएस (संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा पत्ता सांगणारा सर्व्हर) हेही अचूक भरावे लागतात. मात्र त्यांपैकी काही चुकले असते तर इंटरनेट बहुधा सुरूच झाले नसते, म्हणून माझा संशय पत्त्याच्या टक्करीवरच आहे.

विंडोजमध्ये सेटिंग्ज, नेटवर्क अँड इंटरनेट, आणि तेथे तुमचे वायफाय किंवा ईथरनेट उघडून आयपी असाइनमेंटपुढचा पर्याय पुन्हा ऑटोमॅटिक करा. त्यानंतर कमांड प्रॉम्प्टमध्ये आयपीकॉन्फिग /रिलीज आणि मग आयपीकॉन्फिग /रिन्यू या दोन आज्ञा द्या (टंकताना अर्थातच रोमन लिपीत). पहिल्या आज्ञेने संगणक आपला पत्ता सोडतो, दुसरीने नवा मागतो. ज्या संगणकावर तुम्ही दुरून काम करत आहात त्यावर पहिली आज्ञा कधीही देऊ नका, कारण ती देताच तुमचा संपर्क तुटेल आणि दुसरी आज्ञा द्यायला कोणी उरणार नाही. अ‍ॅपलच्या संगणकावर नेटवर्कच्या तपशिलात टीसीपी/आयपीखाली रिन्यू डीएचसीपी लीज हे बटण हेच काम करते.

या आज्ञांनंतर बहुतेक वेळा पूर्वीचाच पत्ता परत मिळतो, आणि त्यात बिघाड काहीच नाही. पत्ता ठरावीक मुदतीसाठी दिलेला असतो, मुदत अर्धी सरली की संगणक ती वाढवून मागतो आणि राउटर शक्यतो त्या उपकरणाला तोच पत्ता देतो. १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसला, तर मात्र राउटरकडून काहीच उत्तर आले नाही आणि संगणकाने स्वतःच तात्पुरता पत्ता घेतला, असे समजावे. अशा वेळी केबल, वायफाय किंवा राउटर तपासा. प्रिंटरसाठी किंवा फायली वाटण्यासाठी आतला पत्ता कायम हवा असेल, तर तो संगणकावर हाताने न भरता राउटरच्या पानावर (ब्राउझरमध्ये उघडणाऱ्या त्याच्या सेटिंग्जमध्ये) अ‍ॅड्रेस रिझर्व्हेशनमध्ये त्या उपकरणाच्या कारखान्यात दिलेल्या हार्डवेअर पत्त्यापुढे, म्हणजे मॅक अ‍ॅड्रेसपुढे नोंदवून ठेवावा, म्हणजे राउटरलाही त्याची माहिती राहते. त्यासाठी वायफायच्या सेटिंगमधला यादृच्छिक हार्डवेअर पत्त्याचा पर्याय बंद असावा लागतो; तो सुरू असेल तर राउटरला तुमचे उपकरण अनोळखी वाटू शकते आणि राखीव पत्ता मिळत नाही.

आता तुमच्या खऱ्या गरजेकडे, म्हणजे सार्वजनिक पत्त्याकडे, येतो. तो तुमच्या हातात नसतो, कंपनीच्या हातात असतो. तुम्ही फक्त तो नव्याने दिला जाण्याचा प्रसंग निर्माण करू शकता. काही करण्यापूर्वी राउटरच्या पानावर वॅन किंवा इंटरनेट या शीर्षकाखाली दिसणारा पत्ता लिहून घ्या आणि बाहेरच्या संकेतस्थळावर दिसणाऱ्या पत्त्याशी तो ताडून पाहा. पुढचे सगळे या तुलनेवर अवलंबून आहे, आणि ती न करताच राउटर वारंवार बंद-चालू करत बसलेली माणसे मी पुष्कळ पाहिली आहेत.

दोन्ही पत्ते एकच असतील, तर सार्वजनिक पत्ता थेट तुमच्या राउटरकडे आहे. जोडणीसाठी राउटरमध्ये वापरकर्त्याचे नाव आणि पासवर्ड भरलेला असेल, म्हणजे पीपीपीओई पद्धत असेल, तर राउटरच्या पानावरून जोडणी तोडून पुन्हा जोडल्यावर अनेकदा लगेच नवा पत्ता मिळतो. कंपनी डीएचसीपीने पत्ता देत असेल, तर काही मिनिटे राउटर बंद ठेवून उपयोग होईलच असे नाही, कारण मुदत संपेपर्यंत तो पत्ता तुमच्याच नावावर राहतो. राउटर रात्रभर बंद ठेवून पाहता येतो. मुदत त्याहून मोठी असेल तर तेही पुरत नाही. पुष्कळ राउटरांत मॅक क्लोन नावाची सोय असते. तिने राउटर कंपनीपुढे निराळे उपकरण म्हणून उभा राहतो आणि नवा पत्ता मिळू शकतो. परंतु काही कंपन्या जोडणी मॅक अ‍ॅड्रेसशीच बांधून ठेवतात आणि तेथे हा प्रयोग केल्यास इंटरनेटच बंद पडते, म्हणून मूळ मॅक अ‍ॅड्रेस कागदावर लिहून ठेवल्याशिवाय याला हात लावू नका. पैसे भरून स्थिर पत्ता घेतलेला असेल, तर तो कंपनीला सांगूनच बदलावा लागतो.

दोन्ही पत्ते वेगळे असतील आणि राउटरवरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ या टप्प्यातला असेल, तर कंपनी स्वतःही नॅट करते आहे आणि तुमचा सार्वजनिक पत्ता इतर अनेक ग्राहकांबरोबर वाटलेला आहे. आयपीव्ही४ मध्ये, म्हणजे वर आलेल्या जुन्या पत्तापद्धतीत, एकूण पत्तेच सुमारे ४२९ कोटी आहेत, त्यांचा जागतिक मध्यवर्ती साठा फेब्रुवारी २०११ मध्ये संपला आणि २०१२ मध्ये हा टप्पा याच कामासाठी राखला गेला. अशा जोडणीत राउटर बंद-चालू केल्याने फार तर राउटरवरचा पत्ता बदलेल. बाहेरचा बदलेलच असे नाही. आणि ज्या कारणासाठी तुम्हाला रोखले आहे ते कृत्य तुमच्याशी पत्ता वाटून घेणाऱ्या एखाद्या अनोळखी ग्राहकाचे असू शकते. राउटरवरचा पत्ता १९२.१६८ चा असेल, तर बहुधा कंपनीच्या मोडेममध्येही एक राउटर आहे आणि नॅट दोनदा होत आहे; मग हीच तपासणी त्या मोडेमच्या पानावर करावी.

हे सर्व करण्यापूर्वी पत्ता बदलून तुमचे काम होणार आहे का, हे पाहणे मला अधिक महत्त्वाचे वाटते. फोनचे वायफाय बंद करून मोबाइल डेटावर, खात्यात प्रवेश न करता, तेच संकेतस्थळ उघडा. ते उघडले तर बंदी पत्त्यावर असण्याची शक्यता मोठी आहे. मग संगणक फोनच्या हॉटस्पॉटला जोडून तुमच्या खात्यात प्रवेश करून पाहा. तेव्हा अडले, तर बंदी तुमच्या खात्यावर किंवा ब्राउझरमधल्या कुकीवर (संकेतस्थळाने तेथे ठेवलेल्या नोंदीवर) आहे आणि शंभर पत्ते बदलले तरी ती उठणार नाही. बंदी पत्त्यावरच असेल, तर घरातल्या एखाद्या उपकरणात घुसलेला घातक प्रोग्राम तुमच्या नकळत मागण्या किंवा नको असलेल्या ईमेल पाठवत नाही ना, हे तपासा; तसे असेल तर नवा पत्ताही थोड्याच काळात काळ्या यादीत जाईल. संकेतस्थळाच्या चालकांना पत्ता आणि वेळ कळवून विचारणा करणे हा मार्ग संथ असला तरी मी तोच आधी सुचवेन. नियम मोडल्यामुळे घातलेली बंदी चुकवण्यासाठी पत्ता बदलण्याचा सल्ला मी देणार नाही.

व्हीपीएनने, म्हणजे तुमची रहदारी दुसऱ्या सर्व्हरमार्फत नेणाऱ्या सेवेने, बाहेर दिसणारा पत्ता सहसा बदलतो, कारण मग संकेतस्थळाला व्हीपीएनच्या सर्व्हरचा पत्ता दिसतो. परंतु तुमची रहदारी त्या सर्व्हरमधून जाते, म्हणजे आजवर इंटरनेट कंपनीवर ठेवलेला विश्वास तुम्ही व्हीपीएन कंपनीवर ठेवता. ती कोण आहे आणि तिचा खर्च कोठून भागतो हे ज्या मोफत सेवेबद्दल कळत नाही, ती मी वापरणार नाही. अनेक संकेतस्थळे व्हीपीएनचे पत्ते ओळखून तेही रोखतात. टॉर या अनामिकतेसाठीच्या जाळ्यात रहदारी साधारणतः तीन टप्प्यांतून जाते, त्यामुळे ती संथ होते आणि तिलाही अनेक ठिकाणी मज्जाव असतो. केवळ घरच्या जोडणीचा पत्ता बदलला म्हणून कोणी अनामिक होत नाही; कोणत्या वेळी कोणता पत्ता कोणाकडे होता, याची नोंद कंपनी ठेवू शकते.

तुमच्या जोडणीवर आयपीव्ही६, म्हणजे लांब पत्त्यांची नवी पद्धत, सुरू असेल, तर तपासणी दोन्ही पत्त्यांची करा. १२८ बिटांच्या या पत्त्याचे पहिले ६४ बिट सामान्यतः तुमच्या घरचे जाळे दाखवतात आणि उरलेले ६४ उपकरण. गोपनीयतेसाठी विंडोज या दुसऱ्या भागाचे तात्पुरते पत्ते स्वतःच बनवत आणि बदलत असते, पण पहिला भाग तोच राहतो आणि बंदी त्या भागावरही घालता येते. काही व्हीपीएन फक्त आयपीव्ही४ ची रहदारी वाहून नेतात आणि आयपीव्ही६ ची मागणी घरच्या मूळ पत्त्यावरूनच बाहेर जाते, त्यामुळे व्हीपीएन जोडल्यावर पत्ता दाखवणाऱ्या संकेतस्थळावर दोन्ही रकाने वाचा आणि आयपीव्ही६ पुढे जुनाच पत्ता दिसला तर त्या व्हीपीएनच्या सेटिंगमध्ये आयपीव्ही६ गळती रोखण्याचा पर्याय शोधा.