कॉर्कचं वेष्टण असलेल्या ग्लासात चहा खरंच गरम राहतो का? आणि कॉर्कसाठी झाडं तोडतात ना?

झाडं तोडत नाहीत. हे आधी, कारण तुमच्या प्रश्नाच्या या भागावरून आमच्या घरी कायम भांडण होतं.

इंदूरला पोलोग्राउंडमध्ये बाबांचं गॅस्केटचं, म्हणजे यंत्राच्या सांध्यातून गळती होऊ नये म्हणून मध्ये बसवतात त्या चकत्यांचं, वर्कशॉप होतं. ट्रॅक्टरच्या टॅपेट कव्हरची, ट्रान्सफॉर्मरची गॅस्केटं, बराचसा माल कॉर्क शीटचा. शीट कापली की कडेच्या पट्ट्या उरायच्या. बाबांनी त्यातली एक स्टीलच्या ग्लासाला सोल्यूशनने चिकटवली, मग कामगारांनाही तसे ग्लास करून दिले. उकळता चहा ओतला तरी ग्लास हातात धरता यायचा. उन्हाळ्यात गार पाणी भरलं तर बाहेरून घाम सुटून टेबल ओलं व्हायचं नाही.

ताईचे यजमान दिवाळीला रामबागेत आमच्याकडे आले की ते ग्लास बघून हसायचे. ‘‘चहासाठी झाड कापलं!’’ बाबा मुकाट्याने पोहे खात राहायचे. माझ्याच्याने राहवत नाही.

तर जिजाजी, कॉर्क म्हणजे कॉर्क ओकची बाहेरची साल. झाड साधारण २५ वर्षांचं झालं की पहिल्यांदा सोलतात, पुढे दर ९ वर्षांनी. साल पुन्हा येते. मुदतीआधी कुणी सोलू नये म्हणून खोडावर त्या वर्षाचा शेवटचा आकडा रंगवतात. झाड २०० वर्षं जगू शकतं. जगातला निम्म्याच्या आसपास कॉर्क एकट्या पोर्तुगालचा, आणि तिथे परवानगीशिवाय हे झाड तोडायला कायद्याने बंदी आहे. बाटल्यांची बुचं काढून जे उरतं त्याच्या चुऱ्याच्या शीट बनतात. म्हणजे आमच्या पट्ट्या उरलेल्यातल्या उरलेल्या!

आता चहा. कॉर्कच्या पेशी बंद आणि हवेने भरलेल्या, त्यामुळे स्टीलच्या मानाने तो शेकडो पटींनी कमी उष्णता वाहून नेतो. पण ग्लासाचं तोंड उघडंच, तिथून वाफेबरोबर उष्णता जाते. आधी झाकण ठेवा. हात भाजू नये एवढ्यासाठी कॉर्क उत्तम, थर्मासशी बरोबरी करायला गेलात तर हरेल. जिजाजींनी बाबांना तसला निर्वात भिंतींचा महागडा मग दिला होता. त्यातला चहा निवेचना, म्हणून बाबा बशीत ओतून प्यायचे.

हो, एक राहिलं. शीटमधला चुरा बहुतेक वेळा पॉलियुरेथेनसारख्या चिकट पदार्थाने बांधलेला असतो, तेव्हा खोक्यावर ‘शंभर टक्के नैसर्गिक’ दिसलं तर दुकानदाराला नीट विचारा. सिंकमध्ये भिजत ठेवू नका, सुटतं. फाटलं तर कचरागाडीत सुक्यात टाका, ओल्यात नाही. आणि घरात स्टीलचे ग्लास पडून असताना नवा मग घेऊन पर्यावरण वाचवायचं हे मला पटत नाही. शीटचा तुकडा आणा, चिकटवा.

जिजाजी आता म्हणतील, पोर्तुगालहून जहाजाने येतो त्याचं काय? येतो. त्यांचा मग काय राजवाड्यामागे पिकतो?