अय्यंगार योगात दोर, पट्टे, खुर्ची कशासाठी? ही पळवाट नाही का?

अजिबात नाही. ही पद्धत घडवणारे बी. के. एस. अय्यंगार (जन्म १९१८) लहानपणी मलेरिया, टायफॉइड, क्षयाने पार खंगले होते. म्हैसूरला मेहुणे आणि योगगुरू कृष्णमाचार्यांकडे योग शिकताना शरीर साथ देत नसे. १९३७ मध्ये पुण्यात शिकवायला आले तेव्हा स्वतःचंच शरीर घडवत होते. न वाकणारं शरीर म्हणजे काय, हे त्यांना पुरतं ठाऊक होतं. म्हणून पट्टा, लाकडी वीट, लोड. हात पायापर्यंत पोचत नसेल तर पट्टा धरा, पण पाठ गोल करू नका. आधार मिळाला की आसनात जास्त वेळ टिकता येतं, श्वास अडत नाही. वयस्कर आणि आजारी माणसांना योगाचं दार यामुळेच उघडलं, असं मला मनापासून वाटतं. बाकी शिकवताना ते भलतेच कडक!