गोल कोपऱ्यांचं भांडण

प्रश्न: चौकोनी फोनला गोल कोपरे असणारच. मग ॲपलने सॅमसंगला त्यावरून कोर्टात खेचलंच कसं?

उत्तर: तुमचा वैताग मला पटतो, पण दावा नुसत्या कोपऱ्यांचा नव्हता. डिझाइन पेटंट, म्हणजे वस्तूच्या दिसण्यावरचा हक्क, असतं चित्राचं. मी अशी चित्रं भिंग लावून पाहत बसतो. अखंड रेषेत काढलं तेवढ्यावरच हक्क. तुटक रेषेतलं सगळं हक्काबाहेर. ॲपलच्या चित्रांत काळा सपाट दर्शनी भाग होता, कडेची पट्टी होती, रंगीत आयकॉनची मांडणी होती.

२०११ साली अमेरिकेत दावा दाखल झाला. त्याच वर्षी एका सुनावणीत न्यायाधीश ल्यूसी को यांनी दोन्ही कंपन्यांचे टॅबलेट हातात उंच धरले आणि सॅमसंगच्या वकिलांना विचारलं, यातला तुमचा कुठला? एवढ्या लांबून नाही सांगता येत, म्हणाल्या वकीलबाई! (लंडनच्या न्यायाधीशांना मात्र सॅमसंगचा टॅबलेट ॲपलच्या इतका 'कूल' वाटला नाही, म्हणजे नक्कल नाही, म्हणून तिथे सॅमसंग जिंकली.)

खरी मेख भरपाईत. नक्कल ठरली की त्या वस्तूवरचा सगळा नफा द्यायचा, हा अमेरिकी नियम १८८७ चा, गालिच्यांच्या खटल्यांतून आलेला. गालिच्यात नक्षी हाच माल; फोनमध्ये चिप, बॅटरी, काय काय. २०१२ मध्ये ज्युरीने १०० कोटी डॉलरहून जास्त भरपाई ठरवली. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणालं, 'वस्तू' म्हणजे अख्खा फोनच असं नाही, एखादा भागही चालेल. मग २०१८ मध्ये आकडा आला सुमारे ५३.९ कोटींवर, आणि साधारण महिन्याभराने दोघांनी गुपचूप तडजोड केली.